तीस हात पश्चिमेला

मिस्त्री, तुमच्या दहाव्याला मी खाडीवर आलो होतो. घाटापर्यंत मात्र उतरलो नाही. वर रस्त्यावर भाताच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या आडोशाला थांबलो. खाली तुमचे जावई, सुतारआळीतली माणसं, नावाडी, सगळे दिसत होते. रखमाकाकूंच्या भावानं, तुमच्या मेव्हण्यानं, मला पाहिलं आणि हात केला. मी न पाहिल्यासारखं करून मागे वळलो आणि तडक स्टेशनावर जाऊन ठाण्याची गाडी धरली. सहा वर्षं तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस असा पाठ फिरवून का गेला, ते तिथं कुणालाच उमगलं नसेल. तुम्हाला उमगलं असतं. तुम्हाला तर ते महिनाभर आधीच उमगलं होतं, आणि हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

म्हणून आता लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझं लिहिणं तुम्हाला फारसं रुचतही नसे. "कागूद बाजूला ठेवा वामनराव, आधी जागा बघा," असं म्हणायचात. जागा पाहून झाली, मिस्त्री. आता कागदाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही.

आपलं पहिलं भांडण आठवतं? मी पुण्याहून नकाशे काढायला शिकून नुकताच आलो होतो. स्टेशनाजवळच्या वखारीची भिंत माझ्या देखरेखीखाली चढत होती. तुम्ही छपराचं लाकूड बघायला आलात, भिंतीला ओळंबा लावलात आणि तपकीर ओढत उभे राहिलात. मी म्हटलं, "भिंत सरळ आहे." तुम्ही म्हणालात, "नकाशात हाय." मला राग आला. चार गवंड्यांसमोर मी तुम्हाला तुमचं काम लाकडाचं आहे, दगडाचं नाही, असं सुनावलं. तुम्ही ओळंबा माझ्या हातात दिलात. दोरी भिंतीपासून चार बोटं लांब लोंबत होती. दुपारी मालक आला तेव्हा दोन हात भिंत उतरवलेली पाहून भडकला. तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "माझ्या माणसांनी मचाण बांधताना धक्का दिला." मला वाचवायची तुम्हाला काय गरज होती? मी तेवीस वर्षांचा होतो, पगडी नवी होती आणि तुम्हाला मी उर्मटपणे बोललो होतो. तरी तुम्ही दोष स्वतःवर घेतलात. त्यानंतर मी तुमच्याकडे येत राहिलो. लाकडाचा वास घेऊन त्याचं वय ओळखायला, पायवाटेवरून पाणी कुठं तुंबेल ते सांगायला, कामगारांना न रागावता काम परत करून घ्यायला शिकलो. त्याबद्दल मी कधी एक शब्दही बोललो नाही. तसं बोलायची आपली रीत नव्हती.

मग गोविंदशेटांची कचेरी आली.

शेटांवर मी सगळं ढकलू इच्छित नाही. तुम्हीही ढकललं नाहीत. आगगाडी आल्यापासून भाताचा व्यापार कुठल्या कुठे गेला होता. शेट आणि त्यांच्याबरोबरच्या चार पेढीवाल्यांची दप्तरं जुन्या बसक्या वखारीत सडत होती. दोन पावसाळ्यांत खालच्या फळीवरचे कागद कुजले होते. त्यांना उंच, कोरडी, हवेशीर कचेरी हवी होती, आणि ती सगळ्यांना दिसेल अशा जागी हवी होती. तळ्याच्या दक्षिणेला देवळाचा जुना नगारखाना आहे, ती जागा त्यांनी धरली. देवळाच्या पंचांना त्यांनी शिखराची डागडुजी करून द्यायचं कबूल केलं आणि त्या बदल्यात नगारखाना पाडायची परवानगी मिळवली. नकाशा माझ्याकडे आला. तीन मजले, दगडी जोतं, चौकाकडे तोंड करून लांबलचक सज्जा. कल्याणात तेवढं उंच घर तोवर कुणी बांधलं नव्हतं. मी तो नकाशा काढताना जेवायला उठायचं विसरत होतो, हे तुम्हाला खोटं वाटणार नाही.

लाकडाचं सगळं काम शेट तुम्हालाच देणार होते. मी नकाशा घेऊन तुमच्या पडवीत आलो. तुम्ही तो जमिनीवर पसरायला सांगितलात, चारी कोपऱ्यांवर रंधा, करवत, वाकस आणि माझी वहाण ठेवलीत. खूप वेळ पाहिलंत.

"झकास हाय," तुम्ही म्हणालात. "खांब दमदार घेतलेत. जिना बरोबर जागी हाय."

मी खूश झालो.

"पण हे उभं ऱ्हायल्यावर घाटावरून मलंगगड दिसंल का?"

मला तो प्रश्नच आधी कळला नाही. तळ्याच्या घाटावर बसलं की समोर नगारखान्याचं बुटकं छप्पर आणि त्याच्या वर मलंगगडाचा सुळका, हे कल्याणच्या माणसाला इतकं रोजचं आहे की कुणी त्याबद्दल बोलत नाही. मी म्हटलं, "नाही दिसणार. पण मिस्त्री, डोंगर काय कुणाच्या नावावर आहे?"

"कुणाच्याच नाय. म्हणून तर कुणाला इचारायचं ते ठरवाय पायजे."

"गाव वाढतंय. वाढणारच. उंच घरं होणारच."

"व्हवू द्या की. उंच बांधायला मला काय भ्या हाय? मी जन्मभर उंचच चढलोय. मी म्हणतो बांधा. पण तिथंच का?" आणि मग तुम्ही बोट उचलून नकाशाबाहेर, तुमच्या सारवलेल्या जमिनीवर ठेवलंत. "हितं. तीस हात पश्चिमेला. नगारखाना ऱ्हाईल, त्याच्यावरचा डोंगर ऱ्हाईल, कचेरी बी व्हईल. जमीन शेटचीच हाय. सरकवता येईल का?"

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"तिथं तळ्याचा जुना गाळ आहे. तीन मजल्यांचं ओझं पेलणार नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, नकाशाकडे पाहिलंत आणि मान हलवलीत. "तुम्ही बघितलं असंल तर नसंल."

मी पाहिलं होतं, मिस्त्री. तिथं मी स्वतः खड्डा घेऊन पाहिला होता. अडीच हातांवर मुरूम होता आणि त्याखाली कातळ. शेटांना सज्जा चौकाच्या मधोमध हवा होता. सरकवलं तर तो कोपऱ्यात गेला असता. त्यांनी मला सांगितलं होतं, "वामनराव, जागा हीच. नकाशा हाच. काम तुमच्याच देखरेखीखाली होईल, आणि दगडावर तुमचं नाव कोरून घेऊ." दगडावर नाव. तेवढ्यासाठी मी तुमच्या पडवीत, तुमच्या तोंडावर खोटं बोललो. इतक्या सहज बोललो की घरी जाताना मला स्वतःलाही ते खरंच वाटू लागलं होतं.

तुम्ही काम नाकारलंत. शेटांच्या पेढीवर जाऊन, उभ्यानं. मी तिथं होतो. शेट चिडले नाहीत, हसले.

"मिस्त्री, डोंगर बघायचाय ना? कचेरी झाली की तिसऱ्या मजल्यावर या. तिथून तर अख्खा मलंगगड दिसेल."

"मी येईन शेट. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांना बी वर घ्याल?"

पेढीवरचे कारकून मान खाली घालून लिहीत राहिले. शेटांचं हसू गेलं. तुम्ही नमस्कार केलात आणि निघालात. मी तुमच्यामागे चौकापर्यंत आलो. म्हटलं, "हे काम गेलं तर दोन वर्षं हातात काही नाही तुमच्या. कशासाठी हा हट्ट?" तुम्ही म्हणालात, "लोकांनी बघितलंच नाय अजून. बघून हो म्हणाले तर मी बी हो म्हणंन." त्यावर मी काहीतरी कडवट बोललो. लोकांना नकाशा कुठं समजतो, असं काहीतरी. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. तुम्ही लोकांना नकाशा दाखवणारच नव्हतात.

तुम्ही त्यांना काय दाखवणार होतात ते मला कळलं, तो दिवस बाजाराचा होता. मी ठाण्याहून सकाळच्या गाडीनं उतरलो तर स्टेशनावरच हमाल सांगू लागले, "तळ्यावर जा, मिस्त्रीनं काहीतरी उभं केलंय." मी धावतच गेलो.

नगारखान्यासमोर तुम्ही जोड देऊन लांब केलेले चार बांबू रोवले होते. त्यांची उंची माझ्या नकाशातल्या तिसऱ्या मजल्याच्या माथ्यापर्यंत, हातभरही कमी नाही की जास्त नाही. तो नकाशा तुम्ही एकदाच पाहिला होतात. बांबूंच्या मधे खाडीवरच्या नावाड्यांकडून मागून आणलेली दोन शिडं शिवून ताणली होती. वारा सुटला होता. शिडं फुगत होती, बांबू करकरत होते, आणि आठ-दहा माणसं चारी बाजूंचे दोराचे ताणे धरून मागे रेलली होती. सगळ्यात वाऱ्याकडचा ताणा तुमच्या हातात होता.

घाटावर दोन-तीनशे माणसं असतील. एरवी बाजाराच्या दिवशी तिथं कान फाटतील असा कलकलाट असतो. त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. पायऱ्यांवर बायका ओलं धुणं हातात घेऊन उभ्या होत्या. समोर नगारखाना नव्हता, डोंगर नव्हता. मळकं, फुगलेलं कापड होतं आणि त्याच्या वर थोडं आभाळ. एक म्हातारी कोळीण पाटी डोक्यावर घेऊन आली, थांबली, आणि मोठ्यानं म्हणाली, "आगो बाय, मलंग कुठं गेला?" कुणी हसलं नाही.

मीही पाहिलं. तो नकाशा मी शंभरदा पाहिला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो दिसला.

शेट माणसं घेऊन आले. पंचही आले. शेट ओरडले, "काढा ते! कुणाच्या परवानगीनं?" त्यांची माणसं ताण्यांकडे सरकली. नावाडी आडवे झाले. एकाची पगडी उडाली, कुणीतरी कुणाला ढकललं, एक ताणा सुटला आणि बांबूंचं ते सगळं धूड घाटाच्या बाजूला झुकलं. बायका किंचाळल्या. तुम्ही ताण्यासकट दहा पावलं फरफटत गेलात, नगारखान्याच्या खांबाला दोर अडकवलात आणि पाय देऊन थोपवलंत. तळवे सोलून निघाले होते. तिथूनच, धापा टाकत, तुम्ही म्हणालात, "शेट, भांडान नको. आत्ता उतरवतो. लोकांना एकच इचारा. हितं हवं, का तीस हात पलीकडं?"

घाटावरून आवाज उठला, "पलीकडं! पलीकडं बांधा!"

शेट हुशार माणूस. त्यांनी लोकांशी वाद घातला नाही. ते माझ्याकडे वळले. "वामनराव, तुम्ही यातले जाणते. सगळ्यांसमोर सांगा. पलीकडे सरकवता येईल का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्हीही. दोर अजून तुमच्या हातात होता.

मी म्हटलं, "नाही. खाली गाळ आहे."

घाटावरचा आवाज विरला. जमीनच नसेल तर लोक काय बोलणार? तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहत राहिलात. मला वाटलं, थकलात. मग तुम्ही नावाड्यांना म्हणालात, "चला, हळू सोडा. शिडं फाटू देऊ नका, पोटाची हायत ती त्यांच्या." आणि पाठमोरे झालात. त्यानंतर आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी तुम्हाला ताप भरला असं कळलं. मी दोनदा सुतारआळीच्या तोंडापर्यंत आलो आणि परतलो. तिसऱ्यांदा यायच्या आत निरोप आला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेवटी तुमच्या घरी गेलो. रखमाकाकू अंगणात बसल्या होत्या. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"दहाव्याला घाटावर का नाय उतरलात?" त्यांनी विचारलं.

मी वहाणा काढून पडवीच्या पायरीशी उभा राहिलो.

"मला ठावं हाय. त्यांना बी ठावं व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. बांबू रोवायच्या दिवशी पहाटे तुम्ही आधी पश्चिमेच्या जागेवर गेला होतात. गाळ असला तरी कचेरी तिथं कशी दिसेल ते लोकांना दाखवायला एक बांबू तिथंही रोवायचा तुमचा विचार होता. कुदळ मारलीत. अडीच हातांवर मुरूम, मग खण्णकन कातळ. गाळाचा मागमूस नाही. तुम्ही खड्डा बुजवलात आणि तिथं बांबू रोवलाच नाहीत.

"मी म्हटलं, आता सांगा की चारचौघात, त्यो बामण खोटं बोलला म्हणून. तुमचं काम बी परत मिळंल. तर म्हणले, नाय. मी सांगितलं तर त्याला पुना कोण भिंत बांधाय देनार नाय. जनमभर त्याला लोक लबाड म्हणतील. त्यानं सोताच सांगितलं तर चुकला म्हणतील, नि इसरून जातील."

म्हणजे घाटावर, हातातून रक्त गळत असताना, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असतात तर नगारखाना वाचला असता, डोंगर वाचला असता, तुम्ही खरे ठरला असतात. तुम्ही ते गिळलंत आणि माझी वाट पाहिलीत. मिस्त्री, यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. गावाचा डोंगर पणाला लावून एका माणसाची अब्रू राखायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी सांगितलंच नसतं तर? मी तुमच्या घरी आलो तेव्हा पाया खणायला आठच दिवस उरले होते! हे भांडण मी मनात रोज करतो. रोज हरतो, कारण प्रत्येक वेळी मला तुमचे तळवे दिसतात.

परवा दुपारी देवळाच्या सभामंडपात शेट, पंच आणि पेढीवाले शेवटची बोलणी करायला बसले होते. नकाशा वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. मी नकाशा उघडलाच नाही. उभा राहिलो. म्हणालो, "पश्चिमेच्या जागेत गाळ नाही. अडीच हातांवर मुरूम आहे, खाली कातळ आहे. मला हे आधीपासून ठाऊक होतं. मी दोनदा खोटं बोललो."

नकाशाची गुंडाळी मी शेटांच्या पुढ्यात ठेवली.

शेट म्हणाले, "महिन्यापूर्वी काय झालं होतं तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझा सज्जा चौकात हवा, हे मी म्हटलं होतं. खोटं बोला असं म्हटलं नव्हतं." हेही खरंच होतं. त्यांनी दोन माणसं पाठवून तिथल्या तिथे खड्डा घेतला. माणसं हातात कातळाचे तुकडे घेऊन आली. थोरल्या पंचांनी तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मग नगारखाना कशाला पाडायचा? घाटावर आम्ही दिल्या शब्दाला धरून राहिलो, ते दुसरी जागाच नाही असं ऐकून." पेढीवाले आपसात कुजबुजले. शेटांनी तो तुकडा मागून घेतला, नखानं खरवडून पाहिला. मग म्हणाले, "तीस हात पश्चिमेला घ्या. पण मजले तीनच राहतील. आणि काम यांच्याकडे नको."

असं झालं. सगळंच वाचलं असं समजू नका. मी आज सकाळी जाऊन दोऱ्या टाकून पाहिलं. पूर्वेच्या पायऱ्यांवरून डोंगर पुरा दिसेल. पश्चिमेच्या शेवटच्या चार पायऱ्यांवर बसलं तर कचेरी सुळका झाकेल. तुम्ही असतात तर आणखी पाच हात मागितले असतेत, आणि कदाचित मिळवलेही असतेत. माझ्यात तेवढी ताकद नव्हती, आणि माझ्या शब्दाला आता वजनही नाही. ठाण्यात ही बातमी माझ्याआधी पोचली. हातातली दोन कामं सुटली. लोक लबाड म्हणतात की चुकला म्हणतात, ते अजून ठरायचं आहे. तुमचा अंदाज या बाबतीत तरी खरा निघावा.

दोऱ्या गुंडाळून मी सुतारआळीत गेलो. रखमाकाकूंना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

मग म्हणाल्या, "ते म्हणायचे, आठ दिसांत सांगंल. मी म्हणायची, कवाच नाय सांगायचा." सूप त्यांनी खाली ठेवलं. "दोगंबी चुकलो."

आणि त्यांनी पायानं बसायचा पाट माझ्याकडे सरकवला.